काळीजतोडीवरचे सहाशे बारा

कागुआसच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्यावर ब्रुनिल्दा कोत्तोचं गॅरेज आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं, एफ्राइनचं. पण गाडीच्या डोक्यात हात घालायचं काम बायकोचं. इंजिनाला कोणत्या क्षणी किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोनं हवा किती दाबून भरायची, हे ती मांडीवर लॅपटॉप घेऊन ठरवायची. एफ्राइन वेल्डिंगमध्ये आणि गप्पांमध्ये तरबेज. पोर्तो रिकोत माणसं छप्पर उडालेल्या घरात दोन-दोन वर्षं ताडपत्रीखाली काढतील, पण गाडीच्या ताकदीत चार घोडे कमी पडलेले त्यांना एक दिवस खपायचं नाही. त्यामुळे या जोडप्याला कामाची ददात कधी नव्हती.

मागच्या वादळात पाठीमागचा ओढा गॅरेजात शिरला आणि डायनो पाण्याखाली गेलं. डायनो म्हणजे या धंद्याचा तराजू. गाडी त्यावर चढवायची, पट्ट्यांनी चारी बाजूंनी जखडायची, मागची चाकं जमिनीतल्या लोखंडी रुळावर ठेवायची आणि पेडल तळाला नेऊन भिडवायचं. गाडी जागची हलत नाही, रूळ गरगरतो, आणि पडद्यावर घोडे उमटतात. त्यांचं डायनो नुसत्या रुळाचं होतं. रूळ भला जड, आणि गाडी त्याला किती झटक्यात वेग देते यावरून सगळा हिशेब. पाणी ओसरल्यावर एफ्राइननं तो हातानं फिरवून बघितला, तर आतून खडी भरडल्याचा आवाज आला. "गेलं," एवढंच म्हणून तो गाळ उपसायला लागला.

त्या रुळावर निघालेले आकडे आजूबाजूच्या चार गावांत फिरत होते. इथली रीतच आहे तशी. आकडा निघाला की बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं मागच्या काचेवर ढळढळीत लिहायचा आणि रविवारी डोंगरातल्या भाजलेल्या डुकराच्या टपऱ्यांपुढे गाडी आडवी लावून उभं राहायचं. कुणाचे चारशे ऐंशी, कुणाचे साडेपाचशे. सगळ्यांत मोठा आकडा ब्रुनिल्दाच्या धाकट्या भावाच्या, नेफ्तालीच्या काचेवर होता. सहाशे बारा. गाडी म्हणजे एक्याऐंशी सालची पिवळी स्टार्लेट, दोन माणसांनी मागून उचलावी एवढी हलकी, आणि तिच्या पोटात टर्बोचं रोटरी इंजिन. लोक त्याला नावानं हाक मारायचं विसरूनच गेले होते. "ए सहाशे बारा," म्हटलं की तो वळून बघायचा.

आई गेली तेव्हा हा नेफ्ताली शाळेतसुद्धा जात नव्हता आणि ब्रुनिल्दाचं लग्न ठरत होतं. तिनं एफ्राइनला स्पष्ट सांगितलं, मी येईन ती पोर घेऊन येईन. एफ्राइन म्हणाला, बरं झालं, पाने उचलून द्यायला कुणीतरी लागतंच. पुढे त्यांना मूल झालं नाही. ब्रुनिल्दानं त्याचं फार दुःख केलं नाही, कारण एक घरात होतं. आता ते एक चांगलं तिशीला टेकलं होतं, बंदरावर क्रेन चालवत होतं, आणि सुटीच्या दिवशी बहिणीच्या जिवाला घोर लावत होतं.

घोर आधीही होताच, पण चेओचं झालं तेव्हापासून तिची झोप उडाली. चेओ म्हणजे गवंडीकाम करणारं त्यांचं जुनं गिऱ्हाईक. वादळाआधी त्याची गाडी रुळावर छान चालली, आकडा छान निघाला, सगळे खूश. मग तो काये गावाच्या लांबलचक चढावर पेडल दाबून ठेवून वर निघाला आणि अर्ध्या चढावर इंजिनानं स्वतःला खाल्लं. सगळं जाम. मागची चाकं त्याच वेगात अडकली आणि गाडी कठड्यात गेली. चेओ वाचला, पण त्याचा गुडघा आता वाकत नाही. रुळावर गाडी काही सेकंदांत मोकळी होते. चढावर दमछाक झालेल्या इंजिनाच्या आत काय आग पेटते, ते त्या काही सेकंदांत दिसायचंच नाही. ब्रुनिल्दा त्याला बघायला हॉस्पिटलात गेली, आणि पलंगावर तिला चेओ दिसेचना, नेफ्ताली दिसायला लागला. ती तशीच जिन्यावर येऊन बसली. तिच्या हातची गाडी, तिचा भाऊ, आणि आत काय चाललंय ते न दाखवणारं यंत्र. आता नवं घ्यायचं तर ते आतलं दाखवणारं घ्यायचं, एवढं तिनं त्या जिन्यावर ठरवलं.

दोघं यंत्रं बघत फिरले. आधी बायामोनला, तातोकडे. तातोचं गॅरेज मोठं, आणि त्याचं डायनो नवंकोरं, पण जात तीच, नुसत्या रुळाची.

"हेच घ्या," तातो म्हणाला. "गाडी चढवली, ढुर्रर केलं, उतरवली. माणूस हसत घरी जातो."

"आणि चढावर?" ब्रुनिल्दानं विचारलं.

"चढावर देव असतो ना, बाई."

दुसरीकडे चाकंच काढून ठेवायची आणि यंत्र सरळ गाडीच्या धुऱ्यांना बोल्टांनी जोडायचं, अशी तऱ्हा होती. माप अगदी सोन्यासारखं. पण प्रत्येक गाडीची चाकं काढायची-घालायची म्हटल्यावर एफ्राइननं आपल्या पाठीवर हात ठेवला आणि तो विषय तिथंच संपला.

तिसरं पोन्सेला होतं. रूळच, पण त्याला विजेचा ब्रेक. मालक सेसार म्हातारा, धंदा बंद करायच्या बेतात. त्यानं एक गाडी चढवून दाखवली. इंजिन अमुक फेऱ्यांवर आणलं, पेडल तळाला, आणि ब्रेकनं त्याला तिथंच धरलं. इंजिन सगळी ताकद लावून ओरडतंय आणि पुढे जाऊ शकत नाही. चढावर असतं तसं. पडद्यावर उष्णता वर चढताना दिसत होती, इंधनाचं प्रमाण दिसत होतं. ब्रुनिल्दा इतकी पुढे वाकली की एफ्राइननं तिला मागून धरलं.

"किती वेळ धरतं?" तिनं विचारलं.

"तुम्ही म्हणाल तितका. पण घेण्याआधी एक ऐका," सेसार म्हणाला. "ही आकडा कमी दाखवते. खोटा नव्हे, कमी. माझी गिऱ्हाइकं इथून रडत गेलीत, मोठमोठे बाप्ये. हिला आम्ही काळीजतोडी म्हणतो. मी धंदा का बंद करतोय असं वाटतं तुम्हाला?"

परतीच्या वाटेवर एफ्राइननं रेडिओ बंद केला.

"ब्रुनी, लोक आपल्याकडे काय घ्यायला येतात?"

"ट्यूनिंग."

"घंटा ट्यूनिंग. आकडा घ्यायला येतात. काचेवर लिहायला. आणि तू त्यांना सांगणार, बाबा रे, तुझे शंभर घोडे कधी नव्हतेच."

"चेओला सांगितलं असतं तर आज तो चालला असता."

"चेओचं नशीब."

"नेफच्या गाडीत चेओपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्याचं नशीबही रुळावर सोडू का?"

नेफ्तालीला सायकल एफ्राइननंच शिकवली होती. काळीजतोडी पोन्सेहून ट्रकवर कागुआसला आली, आणि ती जमिनीत बसवताना एफ्राइन एकदासुद्धा कुरकुरला नाही.

गिऱ्हाइकांनी मात्र ती कसर भरून काढली. साडेपाचशेवाला चढला तर चारशे अडुसष्ट. पाचशेवाला चढला तर चारशे पंचवीस. माणसं पडद्याकडे बघत, मग ब्रुनिल्दाकडे बघत, मग पुन्हा पडद्याकडे.

"बाई, तुमच्या यंत्राला चष्मा लावा. घोडे दिसत नाहीत त्याला."

"पुरात वाहून गेले असतील हो, ओढ्याकडे बघून येऊ का?"

"साडेपाचशे घेऊन आलो होतो. वरचे तुम्ही ठेवून घेतले का?"

एफ्राइन त्यांच्याबरोबर हसायचा, माल्टाच्या थंड बाटल्या काढायचा, पाठीवर हात फिरवायचा. ब्रुनिल्दा समजावत बसायची. तुमची गाडी आहे तशीच आहे, ताकद तीच, फक्त फूटपट्टी बदलली. लोकांना समजायचंही. समजलेला माणूस मान डोलवायचा, गाडी काढायचा आणि सरळ बायामोनला तातोकडे जायचा. काही महिन्यांत अंगणातली रांग आटली. जे उरले ते म्हातारे, ज्यांना काचेवर काही लिहायचं नव्हतं. पण त्यांच्या गाड्यांची कामं तिनं अशी केली की आयुष्यात तशी केली नव्हती. जिथं इंजिन आतून तापत होतं तिथं तिला आता डोळ्यांनी दिसत होतं. एकही गाडी फुटून परत आली नाही. आणि हेही सांगायला हवं की तिला त्या यंत्राचा गर्व झाला होता. लोक पाठ फिरवत होते तसा तो वाढतच होता.

नेफ्ताली वर्षभर टाळत राहिला. शेवटी तिनंच त्याला पकडून आणला. इंजिन आतून बरं आहे की नाही तेवढं बघू दे, म्हणाली. पिवळी गाडी चढली, पट्ट्या आवळल्या. इंजिन बरं होतं. आकडा पाचशे एकवीस.

नेफ्ताली गाडीच्या मागे जाऊन काचेवरच्या आकड्यासमोर उभा राहिला.

"पुसू नकोस," ब्रुनिल्दा म्हणाली. "तो जुन्या रुळावरचा आहे, राहू दे."

"पुसतंय कोण?"

पण असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. पुढच्याच रविवारी टपऱ्यांपुढे कुणीतरी ओरडलं, "अरे पाचशे एकवीस आला!" आणि सगळे हसले. तो हसण्यावारी नेईना. दुसऱ्या रविवारी कुणी म्हणालं, "सख्खी बहीण म्हणतेय पाचशे एकवीस, मग बरोबरच असणार." हे त्याला फार लागलं. त्यानं जेवायला येणं सोडलं. फोन केला तर कामावर आहे म्हणायचा. ब्रुनिल्दा तुरीचे हिरवे दाणे घातलेला भात डब्यात भरून त्याच्या दारावर ठेवून यायची आणि पुढच्या वेळी धुतलेला रिकामा डबा दारातच सापडायचा.

तेव्हा एका दुपारी एफ्राइन तिच्यासमोर येऊन बसला. हात पुसले, तोंड पुसलं, मग म्हणाला, "एक सांगू? चिडायचं नाही."

"बोल."

"यंत्रात तो हवेचा आकडा असतो ना."

असतो. हवा गरम आणि दमट असली की इंजिन ढिलं पडतं, म्हणून यंत्र हवामान बघून मापात थोडी भर घालतं, म्हणजे कुठल्याही दिवशीचं माप दुसऱ्या दिवसाशी जुळावं. तो आकडा हातानंही बदलता येतो.

"तिथं साडेसतरा टक्के टाक," एफ्राइन म्हणाला. "जुना रूळ जे सांगायचा तेच ही सांगेल. पोराला त्याचे सहाशे बारा मिळतील. गाडीला हातसुद्धा लावायचा नाही."

"म्हणजे खोटं."

"इतकी वर्षं सांगत होतो तेच खोटं. आकड्यानं कुणी मरत नाही, ब्रुनी."

"आज त्याच्यासाठी टाकला की उद्या दुसऱ्यासाठी. मग मी स्वतः कशावर विश्वास ठेवू? मग हिच्यात आणि तातोच्या रुळात फरक काय राहिला? त्यापेक्षा तेच घ्यायचं होतं."

"घ्यायचंच होतं," एफ्राइन म्हणाला आणि उठला.

नेफ्ताली आला तो दोन आठवड्यांनी, आपणहून. दारातच उभा राहिला. लहानपणी काही फोडलं की असाच उभा राहायचा.

"दाजी म्हणाले तू खोटा आकडा देणार नाहीस."

"नाही देणार."

"मग खरा दे."

"काय?"

"सहाशे बारा. तुझ्या ह्याच यंत्रावर. परत दे मला."

"परत कुठले, बाळा? तुझ्या गाडीत ते कधी नव्हतेच. पाचशे एकवीसच होते. तूच चालवत होतास ना? आता इथं सहाशे बारा काढायचे म्हणजे तू जन्मात चालवले नसतील तेवढे. जुन्या रुळावर ते सातशे वीसच्या घरात गेले असते."

"मला रुळाचा हिशेब नको सांगू. सगळं गाव मला कशानं ओळखतं? ते माझे होते, ते मी परत मागतोय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तातो हो म्हणालाय."

तातो कसं करणार ते ब्रुनिल्दाला डोळ्यांसमोर दिसलं. हवा दाबून भरणार, रुळावर काही सेकंद ढुर्रर करणार, आकडा लिहून देणार. मग एखाद्या चढावर तेच. हॉस्पिटलचा पलंग तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यापेक्षा माझ्या हाताखाली झालेलं काय वाईट, असं तिच्या मनात आलं. ज्यासाठी हे यंत्र घेतलं, ज्यासाठी गिऱ्हाइकं घालवली, ते हेच तर काम होतं. तिला नव्वद घोड्यांचा हिशेब कळत नव्हता असं नाही. तिच्याइतका तो कुणालाच कळत नव्हता. पण तिची सगळी भीती इंजिनाला जाऊन चिकटली होती, आणि इंजिन तिच्या मुठीत होतं.

"शनिवारी आण," ती म्हणाली.

त्या शनिवारसारखं काम तिनं आयुष्यात केलं नाही. टर्बो मोठा बसवला, पेट्रोलऐवजी अल्कोहोल धरलं. मग एकेक पायरी. इंजिन एका फेरीवर आणायचं, काळीजतोडीनं त्याला तिथं धरायचं, ब्रुनिल्दानं उष्णता बघायची, कान लावून ठोके ऐकायचे, इंधन चिमूटभर वाढवायचं, मग पुढची पायरी. जखडलेली पिवळी गाडी पट्ट्यांमध्ये थरथरत होती आणि इंजिन गुण्यागोविंदानं चाललं होतं. पाचशे ऐंशी झाले. पाचशे अठ्ठ्याण्णव झाले. ब्रुनिल्दाच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि ती मनापासून सुखात होती. सहाशे बारा उमटले तेव्हा नेफ्तालीनं तिला कमरेला धरून वर उचललं, लॅपटॉपसकट.

मग त्यानं पॉलिशची बाटली आणली आणि काचेवरचे जुने आकडे तेच तसेच पुन्हा गिरवले.

एफ्राइन मागे उभा होता. "नव्वद जास्त आहेत, ब्रुनी," तो हळू म्हणाला.

"इंजिन घट्ट आहे. प्रत्येक पायरीवर धरून बघितलंय मी."

"मी इंजिनाचं नाही म्हणत."

तिनं ऐकलं. ती तेव्हा पडद्यावरची रेघ बघत होती, आणि रेघ फार सुरेख आली होती. नेफ्तालीला तिनं बजावलं, आधी काही दिवस अर्ध्या पेडलवर चालव, ही तुझी पूर्वीची गाडी नाही. तो हो हो म्हणाला. जेवून गेला, कितीतरी महिन्यांनी. भाताची खरवडसुद्धा मागून घेतली.

दक्षिणेला उसाच्या जुन्या मळ्यांतून एक सरळ रस्ता जातो. मळे कधीच बंद पडले, रस्ता राहिला. रविवारी जेवणं उरकली की पोरं तिथं गाड्या घेऊन जमतात. पुढच्या रविवारी नेफ्ताली तिथं गेला. शेजारी एक निळी गाडी होती, काचेवर पाचशे नव्वद, तातोकडचे. बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं की तिसऱ्या गिअरपर्यंत ती निळी नुसती मागे पडत होती. तिसऱ्यात पिवळ्या गाडीची मागची चाकं सुटली. त्याला सवय होती, पूर्वीही सुटायची, तेव्हा तो पेडल थोडं सोडून सावरून घ्यायचा. त्यानं तेवढंच सोडलं. पूर्वी तेवढं पुरायचं. गाडी आडवी झाली आणि रस्त्याकडेच्या गुलमोहरात गेली.

फोन एफ्राइनला आला. तो अंगणातच उभा राहून ऐकत होता, आणि त्यानं तोंडावर हात ठेवला तेव्हाच ब्रुनिल्दाला कळलं. ती म्हणाली, "इंजिन जाम झालं?" तो नाही म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं, "जाम झालं ना?" तो तिच्याकडे चालत आला.

पोलिसांनी गाडी सोडली तेव्हा एफ्राइननं ती ताडपत्रीखाली झाकून आणली आणि मागच्या शेडमध्ये उतरवली. तू बघू नकोस म्हणाला. तो आत गेल्यावर ब्रुनिल्दा गेली. पुढचा भाग कुठला आणि दार कुठलं ते कळत नव्हतं. तिनं वाकून, हात घालून इंजिनाचा मुख्य बोल्ट शोधला, पाना लावला आणि फिरवला. इंजिन सुळकन फिरलं. कुठं अडलं नाही, कुठं घासलं नाही. तिनं दाब मोजायचं घड्याळ लावून आतला दाबही मोजला. दोन्ही बाजूंना सारखा, नव्यासारखा. इंजिन फुटलेलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. कुठंतरी आपलं चुकलं, काही दिसायचं राहिलं, असं म्हणता आलं असतं. काही राहिलं नव्हतं. तिनं तिचं काम बिनचूक केलं होतं. ती गाडीला टेकून खाली बसली आणि तोंडात कामाचं फडकं कोंबून रडली, एफ्राइनला ऐकू जाऊ नये म्हणून.

अंत्यविधीच्या ठिकाणी दुपारपासून माणसं लोटली. बाहेर रस्ताभर गाड्या, आणि प्रत्येक गाडीच्या काचेवर स्वतःचा आकडा पुसून पांढऱ्या पॉलिशनं एकच लिहिलेलं, सहाशे बारा. मधूनच कुणीतरी बाहेर इंजिन गरजवायचं, मग दुसरं, मग दहा-वीस एकदम, आणि आतल्या शवपेटीवरची फुलं थरथरायची. आत रीतीप्रमाणे गरम चॉकलेट आणि चीजचे तुकडे फिरत होते. माणसं ब्रुनिल्दाचे हात हातात घेत होती. तीच माणसं, जी वर्षभर तातोकडे जात होती.

"काळीजतोडीवर काढले होते त्यानं," कोपऱ्यात कुणी सांगत होतं. "तातोकडे नाही. काळीजतोडीवर. तिच्यावर आजवर कुणाचे निघालेत?"

"कुणाचे नाही."

"खरे सहाशे बारा. राजासारखा गेला."

एफ्राइन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या अंगात लग्नातला कोट होता, आता बटणं न लागणारा. ब्रुनिल्दा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बोल ना."

"काय बोलू?"

"तू मला सांगितलं होतंस ते. साडेसतरा टक्के."

"असं मी काही म्हटल्याचं मला आठवत नाही," तो म्हणाला आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. मग त्याला तिथं बसवेना. चॉकलेट आणतो म्हणून उठला आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

त्याच्या रिकाम्या खुर्चीपाशी होमार येऊन उभा राहिला. होमार म्हणजे गोदीवरचा वेल्डर, नेफ्तालीच्या बरोबरीचा, सभ्य माणूस, घरी बायको आणि दोन मुली. त्याचे डोळे रडून सुजले होते. त्यानं ब्रुनिल्दापुढे चॉकलेटचा कप धरला.

"घ्या, बाई. सकाळपासून काही पोटात नसेल तुमच्या."

तिनं कप घेतला.

"माझा जिवाभावाचा होता तो," होमार म्हणाला. "माझ्या धाकटीच्या बारशाला धर्मपिता म्हणून तोच उभा होता." त्यानं डोळे पुसले. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आत्ता विचारू नये, मला कळतं. पण नंतर तुमच्याकडे रांग लागेल, सगळे तेच म्हणतायत. तातोचे आकडे आता कोण विचारतो? मला तेवढं पहिल्यांदा घ्याल का? त्याच्यासाठी करायचंय मला. त्याच्या नावानं. सहाशे तेरा."

ब्रुनिल्दानं त्याच्याकडे मान वर करून बघितलं.

"आत्ता किती आहेत?" तिनं विचारलं.

सगळं आयुष्य दारात आलेल्या प्रत्येक माणसाला तिनं पहिला प्रश्न हाच विचारला होता, आणि तो तोंडातून आपसूक बाहेर पडला. आपण काय बोललो ते तिला नंतर ऐकू आलं. होमारच्या रडवेल्या चेहऱ्यावर मात्र एकदम उभारी आली. तो एफ्राइनच्या खुर्चीवर बसला, खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात आपल्या गाडीबद्दल सांगू लागला. कुठलं इंजिन, कुठला टर्बो, किती घोडे. बाहेर पुन्हा इंजिनं गरजली, तेव्हा तो थांबला, आणि ती शांत झाल्यावर जिथं सोडलं होतं तिथून पुढे सांगू लागला. ब्रुनिल्दाला उठून जायचं होतं. ती कप हातात धरून ऐकत बसली.